हैबतीची उलटी वेस

ऐका मंडळी, पणजोबांच्या पणजोबांनी ऐकलेली गोष्ट. तेव्हा उंबरसांगवी आजच्या माळावर नव्हती. नदीपल्याड होती, अगदी काठाला. दर पुराला पाणी चुलीत शिरायचं. शेवटी गावानं अल्याडच्या माळावर उठून यायचं ठरवलं. घरं नवी बांधता येतात, पण दगडी वेस पूर्वजांची, ती सोबतच हवी.

काम आलं हैबती पाथरवटाकडं. गावोगाव हिंडून दगड घडवणारा हा माणूस. सात पिढ्यांत कुणाला स्वतःचं घर नव्हतं. पाटील म्हणाले, "वेस हुती तशी हुबी कर, वेशीच्या आत तुला घराला जागा दिली." त्या शब्दानं हैबती हरखून गेला. असं म्हणतात, की एकेक दगड त्यानं एकट्यानं पाठीवर आणला आणि नदी त्याच्यासाठी घोट्याएवढी झाली.

जुनं बांधकाम उतरवताना दगडांवर खूण करायची ही पाथरवटाची रीत. हैबतीनं प्रत्येक दगडाच्या नदीकडच्या अंगाला छिन्नीनं एक लाट कोरली. माळावर वेस रचताना सगळ्या लाटा पुन्हा नदीकडं केल्या. पण जुनं गाव वेस आणि नदीच्या मधे होतं, म्हणजे नदीकडचं अंग ते आतलं, आणि इथं गाव आणि नदीच्या मधे वेस आली! दिवेलागणीला दरवाजे ओढले तेव्हा कळलं, अडसर बाहेरच्या बाजूला.

"आता आतनं दार लावायचं कसं?"

"आत म्हंजी कुठलं?"

सगळ्यांचीच मती गुंग झाली. हैबती वेशीतून दहादा इकडून तिकडं गेला, तरी उमजेना. घराची जागा गेली, एवढंच त्याला कळलं.

"पाटील, म्या ऱ्हातो भाईर," तो म्हणाला. "अडसर म्या लावीन."

रोज अडसर लावून तो बाहेरच्या दगडावर बसे. एका संध्याकाळी पेंढारी आले. अडसर आपल्याच बाजूला पाहून तेही गोंधळले. अडसर असतो गावाच्या अंगाला, मग आपण आतच की! "गाव कुठाय रं?" त्यांनी दरडावलं. हैबतीला खरंच ठरवता येईना. त्यानं नदीपल्याडच्या ओसाड गावाकडं बोट केलं. पेंढाऱ्यांनी घोडे नदीत घातले. असं म्हणतात, की घोट्याएवढी नदी तिथंच माथ्याएवढी झाली.

सकाळी अडसर लावलेला होता, हैबती मात्र नव्हता; कुठं गेला, कुणालाच कळलं नाही. दार आतून उघडेना, तेव्हा पाटील गावाच्या तटावरून बाहेर उतरले, रिकाम्या दगडापाशी ढसाढसा रडले. म्हणाले, "अडसर जिकडं, तेच आत. हैबती आत हुता, आपूनच भाईर."

वेस आजही उलटीच आहे. परगावी निघालेला माणूस त्या दगडाला हात लावून म्हणतो, "जरा आत जाऊन येतो." पाहुणे बुचकळ्यात पडतात, गावाला सवय आहे. आणि वेशीला लागून घराएवढी एक जागा मोकळी आहे. गावात इतकी दाटी झाली, तरी तिथं कुणी खुंटीसुद्धा ठोकत नाही. ती हैबतीची.