शालीखालची टोपली

सकाळचे सात वाजले होते. चर्चच्या घंटेचा शेवटचा टोला नुकताच विरला होता, तेव्हा हे सगळं सुरू झालं. गोष्ट फार फार जुनी, तेव्हाचं आता कुणी उरलेलं नाही.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत एक एवढंसं गाव होतं. वीस-बावीस दगडी घरं, नि भोवती चेस्टनटच्या झाडांचं रान. पाऊस पडून गेला की रानात अळंबी उगवायची आणि सारं गाव टोपल्या घेऊन निघायचं. पण एक रीत होती. गावच्या कारंज्यापाशी एक म्हातारी आजी बसायची. तिनं एकेक अळंबं उलटंपालटं करून पाहिल्याशिवाय कुणी चूल पेटवायचं नाही.

त्या गावात एक तरुण आई होती. लग्न होऊन दूरच्या शहरातून आलेली. चार वर्षांची एकच मुलगी, त्यामुळे जीव सारखा टांगणीला. आजीला दाखवलेली टोपली ती घरी न्यायची, नि तीच घेऊन पुन्हा यायची. त्या सकाळीही आली.

"आजी, हे तपकिरी काल नीट पाहिलंत ना?"

"अगं बाई, तू परत? रात्रीतून विष भरलं का त्यात?" आजी म्हणाली. "त्यापेक्षा पोरीला नुसतं पाणी पाज, तेही उकळून!"

पाणी भरणाऱ्या बाया खो-खो हसल्या. आईचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या पावसानंतर ती रानातून परतली, ती टोपली शालीखाली लपवूनच. मान खाली घालून ती कारंज्यावरून पुढं गेली. माती नको म्हणून तिनं अळंबी सुरीनं देठात कापून आणली होती. लसूण घालून ऑलिव्हच्या तेलात ती शिजवली.

"आई, वाढ ना लवकर!"

वाडगा भरला. चमचा पोरीच्या ओठांपाशी गेला, नि आईनं तो तिथंच थांबवला. सगळ्या हसतील. हसू देत! तिनं वाडगा हिसकावला, रडणारी पोर कडेवर उचलली, दुसऱ्या हातात पातेलं घेतलं आणि धावत सुटली.

"आजी, हसायचं तर हसा. पण एवढं बघा."

"शिजल्यावर काय बघू? देठांची बुडं कुठायत?"

"रानातच राहिली."

आजी काठी घेऊन उठली. आईनं रानातली जागा दाखवली, तिथं आजीनं काठीनं माती उकरली. दोन बुडं साधी निघाली. तिसऱ्याच्या तळाशी पांढरी पिशवी होती, जीवघेण्या अळंब्याची खूण.

"हीच ती," आजी म्हणाली. "माझी धाकटी बहीण हिनंच नेली. पोरीनं खाल्लं का गं?"

"नाही हो. नाही." तरी आई पोरीचं तोंड उघडून पुन्हा पुन्हा पाहत होती.

आजी तिथंच चिखलात बसली. "माझ्या एका टोमण्यापायी आज ही पोर गेली असती," ती म्हणाली.

त्यानंतर आजी कारंज्यापाशी बसून राहिली नाही. पाऊस झाला की दारोदार जायची. "आज काय आणलंत? दाखवा गं." कुणी दोनदा दाखवलं, तर दोनदा पाहायची, तितक्याच काळजीनं.

घाबरून विचारायला आलेल्याला जो हसतो, तो त्याचं विचारणंच बंद करतो.

ही गोष्ट तुमच्यापाशी ठेवू नका. शेजारणीला सांगा, जावेला सांगा, आणि तिलाही पुढं सांगायला सांगा.