सिदूच्या विटेची जागा

फार वर्षं झाली, तुमच्या-माझ्या आजोबांचे आजोबाही तेव्हा रांगत नसतील. त्या काळी निंबपेठेत म्हाळू नावाचा गवंडी होता. गवंडी काय, छप्पन्न असतात, पण म्हाळूची तऱ्हाच न्यारी. तो विटेचा रंग बघायचा नाही. दोन विटा हातात घ्यायचा, एकमेकींवर ठोकायचा आणि कान द्यायचा. खणकन वाजली तर पक्की, भद्द वाजली तर कच्ची. असं म्हणतात, की नदीकाठच्या भट्टीत कुठली वीट कच्ची राहिलीय, हे त्याला पेठेत बसून ऐकू यायचं.

ती भट्टी त्याच्या धाकट्या भावाची, सिदूची. आईबाप लवकर गेले, तेव्हा म्हाळूनेच सिदूला खांद्यावर घेऊन वाढवलं. भावाने वीट भाजायची आणि दादाने रचायची, असं छान चाललं होतं.

मग चिंतोशेट रंगाऱ्याने पेठेत तिमजली घर काढलं. तोवर सगळी मातीची घरं, वीट लागायची ती विहिरींना नि देवळांना. विटांचं घर, तेही तीन मजली, केवढं अप्रूप! पहिली वीट बसवायच्या दिवशी अख्खी पेठ लोटली. सिदू सहा महिने त्या भट्टीपाशी खपला होता. त्याने हसत हसत विटांची जोडी दादाच्या हातात दिली.

म्हाळूने ठोकली. कपाळाला आठी पडली. दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. मग भर पेठेत म्हणाला, "कच्ची आहे. घरची म्हणून मी खपवून घेणार नाही. ने उचलून!"

आता गंमत बघा. वीट खणखणीत वाजली होती, साऱ्या पेठेने ऐकली होती. पण म्हाळूच्या कानापुढे बोलायची कुणाची छाती? जो तो मनात म्हणाला, आपल्याला काय कळतंय! सिदूचे ओठ हलले. म्हाळूने पाठ फिरवली. त्याच दिवशी सिदूने भट्टी विझवली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि नदी ओलांडून निघून गेला.

घर चिंतोशेटने नुसता रंग बघून आणलेल्या परगावच्या विटांनी चढलं. चुन्यात गूळ घातला, बेलफळ घातलं, कमानीचं दार काढलं, हातभर जाडीच्या भिंती उभ्या केल्या. म्हाळूने काही कमी केलं नाही. पुढच्याच वर्षी नदी पेठेत शिरली आणि तीन दिवस हटली नाही. पाणी उतरलं तेव्हा घराची दर्शनी भिंत चिखल होऊन रस्त्यावर पडली होती.

आणि काठावर सिदूच्या टाकून दिलेल्या विटांची रास होती तशीच. एकाही विटेची कड झडली नव्हती. असं म्हणतात, की पुराच्या लाटा लागल्या तशी ती रास घंटेसारखी वाजत होती आणि चार गावांनी ते ऐकलं. एकट्या म्हाळूला ऐकू आलं नाही.

तो बायकोला, भागाला घेऊन राशीपाशी गेला. दोन विटा उचलून ठोकल्या. "मुकीच आहे की गं," म्हणाला.

"अहो, मुकी कसली? कानठळ्या बसल्या माझ्या!"

"काय म्हणालीस?"

आता कुठे भागाला उमगलं. दीड वर्ष तिच्या हाकेला त्याची ओ नव्हती. बाईला वाटायचं, नावाजलेला माणूस, तोऱ्यात असतो. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "त्या दिवशी भावजी तीनदा म्हणाले हो, दादा, पुन्हा एकदा वाजव. तुम्ही पाठ फिरवलीत!"

म्हाळू तिथेच मटकन बसला आणि धाय मोकलून रडला. कान गेल्याचं दुःख नव्हतं त्याला. लेकरासारखा वाढवलेला भाऊ तीनदा विनवत होता आणि आपण उत्तरसुद्धा दिलं नाही, हे त्याला सोसेना.

मग त्याने ती सगळी रास स्वतःच्या डोक्यावरून पेठेत वाहिली, कुणाला हात लावू दिला नाही. भिंत पुन्हा उभी राहिली. फक्त दाराच्या उजव्या अंगाला, कानाच्या उंचीवर, एका विटेची जागा मोकळी सोडली. ती वीट सिदूने येऊन बसवायची. गावोगाव निरोप धाडले. म्हाळू रोज सकाळी त्या जागेला कान लावून उभा राहायचा. असं म्हणतात, की शेवटच्या सकाळी तो लख्ख हसला, "वाजली!" म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला, तो उठलाच नाही.

पण सिदू काही आला नाही. गोड करून सांगता आलं असतं, पण खोटं कशाला सांगू?

घर अजून उभं आहे. भिंतीला चारदा गिलावा झाला, त्या जागेवर तो टिकत नाही. आणि निंबपेठेत आजही घर बांधायचं तर गवंडी वीट ठोकतो, पण निकाल देत नाही. जमलेल्यांना विचारतो, "वाजली का?" आणि ज्याने ऐकली त्याने मोठ्याने सांगायचं, गप्प राहायचं नाही, अशी तिथली रीत आहे. मग सगळे "हो" म्हणाले, तरी तो नदीकडे तोंड करतो, "सिदू, पुन्हा एकदा वाजवतो रे बाबा," म्हणतो आणि वीट दुसऱ्यांदा वाजवतो.