समाचाराला पाठवलेले वाक्य

एकदा एका निवृत्त गुरुजींकडे त्यांचा जुना शिष्य आला. तो शहरात खोली घेऊन एकटाच राहत असे. एका आधुनिक अमेरिकन कथाकाराची आवडलेली वाक्ये त्याने वहीत उतरवली होती. एकटेपणावर इतके नेमके कुणीच लिहिले नाही, असे त्याचे ठाम मत होते. ती वही हीच त्याची सोबत.

"गुरुजी, सुधन्वानं माझ्याशी बोलणं टाकलंय," तो म्हणाला. "त्याचे वडील गेले. मी या वहीतलं सगळ्यात सुंदर वाक्य त्याला पाठवलं. दोन महिने झाले, उत्तर नाही. पंधरा वर्षांची मैत्री आहे आमची! काय करू मी?"

गुरुजींनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि वाचले, "'माणूस घर सोडणार, हे आधी दाराला कळतं.'"

"हो, पण सुधन्वाचं काय?"

गुरुजींनी पान उलटले. "'एकटेपणाला खिडक्या असतात, दार नसतं.'"

"अहो गुरुजी, मला अन्न गोड लागत नाही!"

"'बर्फ आवाज न करता पडतो, म्हणून तो हलका नसतो.'"

शिष्याने वही हिसकावली. "थट्टा करताय माझी? सहा तास प्रवास करून आलोय. त्या लेखकाला माझं नाव तरी ठाऊक आहे का? मला तुमच्याशी बोलायचंय!"

"सुधन्वालाही तुझ्याशीच बोलायचं असेल," गुरुजी शांतपणे म्हणाले. "बाबा रे, वाक्य खोटं नव्हतं. पण दुःखाच्या घरी शेजारीण कडू घास नेते, तेव्हा टोपलीत साधी पिठलं-भाकरीच असते. ती स्वतः जाते, शेजारी बसते, घास खायला लावते. तू दुसऱ्याच्या चुलीवरचं पक्वान्न धाडलंस आणि स्वतः उंबऱ्याबाहेर राहिलास. का गेला नाहीस?"

शिष्याने वही मिटली. "काय बोलायचं ते सुचलं नसतं म्हणून."

"मग तेच सांगायचं."

आपण सगळेच नेमके इथे अडतो, आणि कुणाचे तरी वाक्य पुढे ढकलून मोकळे होतो.

शिष्य तिथूनच एसटीने सुधन्वाच्या गावी गेला. सुधन्वाने दार उघडले. आत एकच ताट मांडलेले होते.

"काय बोलावं कळत नाहीये," शिष्य म्हणाला. "यायला उशीर केला. चुकलं माझं."

सुधन्वा दार धरून उभा राहिला. "महिनाभर रोज वाटायचं, आज येशील. गाढवा!" मग आत वळत म्हणाला, "चप्पल काढ. भात कमी आहे, पुन्हा लावतो."

भात शिजेपर्यंत दोघे स्वयंपाकघरात बसून राहिले. फारसे कुणीच बोलले नाही.