मानाचे लिंपण

एका माळरानावर, बाभळीच्या बुडाशी, वाळवीचे एक मोठे कुटुंब राहत असे. वाळवी म्हटल्यावर तुम्ही घरातली पोखरलेली चौकट आठवून नाक मुरडाल, मला ठाऊक आहे. पण मुलांनो, वारूळ बांधते ती वाळवी आणि नाव होते मुंग्यांचे, नाहीतर नागोबाचे. तेव्हा आज थोडे तिच्या बाजूनेही ऐका. या कुटुंबात कामकरी होत्या आणि शिपाई होते. शिपायांचा जबडा असा थोराड, की शत्रूचे दोन तुकडे करावेत. पण स्वतःचा घास काही त्यांना उचलता येत नसे. त्यांना कामकरी बहिणी भरवत. अशाच एका कामकरणीचा धाकटा भाऊ शिपाई होता. तो दुसऱ्या कोणाकडून खातच नसे. “ताई येऊ दे,” म्हणून उपाशी बसे, आणि ती आली की “किती उशीर गं!” म्हणून तिच्यावरच रुसे.

एके दिवशी एका बैलाने अंग घासले आणि वारुळाचा खांदा ढासळला. मुंगळ्यांना वास लागायला कितीसा वेळ? काळी फौज चालून आली. अशा वेळी काय करायचे, ते या घराण्यात पिढ्यान् पिढ्या ठरलेले होते. शिपाई भगदाडाबाहेर जाऊन शत्रूकडे तोंड करून उभे राहत आणि त्यांच्या पाठीमागे कामकरणी भिंत बांधून घेत. भिंत आतून लिंपली जाई. शिपाई बाहेरच राहत.

त्या दिवशी मातीचे शेवटचे ढेकूळ लावायची पाळी नेमकी या बहिणीवर आली. तिने ते खाली ठेवले आणि फटीतून हळूच म्हटले, “तू ये आत. एवढ्याशा फटीकडे कोण बघतंय?”

“मी आत आलो तर माझ्या जागेतून मुंगळा येईल,” भाऊ म्हणाला. “आत पिल्लं आहेत, राणीआई आहे. लाव ताई, लवकर.”

“आणि तू?”

“आम्ही जमिनीवर डोकी आपटत राहू. ठकठक ऐकू येतेय तोवर मुंगळे आहेत असं समज आणि भिंतीला हात लावू नकोस. ती थांबली की ये.”

“थांबली म्हणजे तुम्हीच संपलात, असं असलं तर?”

“तर मुंगळे भिंत उकरायला लागतील, ते तुला कळेलच. ठकठक नाही आणि उकरणंही नाही, म्हणजे आम्ही जिंकलो. मग खायला घेऊन ये हं. फार भूक लागलेली असेल मला.”

बहिणीने ढेकूळ लावले. आत हजारो जीव होते. ते लावण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि जो कोणी तिला त्यासाठी बोल लावील त्याच्याशी मी भांडेन.

मग ती भिंतीला चिकटून बसली. तोंडात भावासाठी एक घास राखून ठेवला होता. ठकठक चालू असली की तिला वाटे, थांबेल कधी ही! आणि जरा मंदावली की जीव कासावीस होई, थांबू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तेव्हा आवाज थांबला. तिने श्वास रोखून ऐकले. उकरणेही नव्हते. ती धावतच थोरल्या कामकरणीकडे गेली.

“भिंत उघडा! मुंगळे गेले!”

“उघडायची?” थोरली थक्क झाली. “पोरी, बंद झालेली भिंत आपल्याकडे कोणी कधी उघडलीय का? थोडे गेले, पण हजारो वाचले. आता पुन्हा धोका कशाला?”

“ते गेले नाहीत. ते बाहेर उपाशी आहेत!”

“असं बोलू नये. त्यांच्या त्यागाचा मान राखावा.”

आणि थोरलीने मानाचे लिंपण सांगितले. लढाईनंतर प्रत्येकीने त्या भिंतीवर मातीचा एकेक थर चढवायचा आणि शूरांचे नाव घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. सगळ्या रडल्या, आणि खरेच रडल्या. थोरली काही दुष्ट नव्हती; तिचाही भाऊ एके काळी असाच बाहेर राहिला होता. बहिणीलाही चारचौघींपुढे नाही म्हणवेना. तिनेही थर दिला. भिंत दुप्पट जाड झाली.

लिंपण झाले आणि सगळ्या आपापल्या कामाला लागल्या. तिच्या तोंडातला घास मात्र तिला ना गिळवे, ना टाकवे. कोणी जवळून गेले तरी तिला “किती उशीर गं!” असेच ऐकू येई. दोन दिवस तिने कसेबसे काढले. शेवटी तिच्याने राहवेना. स्वतः लिंपलेली भिंत ती एकटीच कुरतडू लागली. आधी सगळ्या ओरडल्या. मग एकेक कामकरीण गुपचूप तिच्या शेजारी येऊन माती काढू लागली.

बाहेर एकही मुंगळा नव्हता. शिपाई मात्र अजून तसेच उभे होते, माळाकडे तोंड करून. भाऊही आपल्या जागेवर होता. तिने त्याला सगळीकडून चाचपले. अंगावर कुठे साधा ओरखडाही नव्हता, पण अंग गार पडले होते.

शेजारच्या म्हाताऱ्या शिपायात थोडी धुगधुगी होती. तो म्हणाला, “ठकठक थांबली त्याच सकाळी मुंगळे गेले, पोरी. मग भिंतीवर खरखर ऐकू आली. हा म्हणाला, ‘बघा, ताई भिंत फोडतेय.’ फार खुशीत होता. आम्हाला काय ठाऊक, तुम्ही लिंपताय म्हणून?”

 भावासाठी राखलेला घास बहिणीने त्या म्हाताऱ्याला भरवला.

त्या वारुळात आता मानाचे लिंपण होत नाही. लढाई आली तर भिंत आजही बांधतात. पण शेवटचे ढेकूळ लावणारी कामकरीण तोंडात घास धरून तिथेच बसते, आणि भिंत उघडेपर्यंत आत कोणीही जेवत नाही.

तात्पर्य : अनेकांना वाचवण्यासाठी काहींना दाराबाहेर ठेवावे लागलेच, तर संकट टळताच आधी दार उघडावे, त्यांचा गौरव मागाहूनही करता येतो.