चार हाका

"पण सर, सर्व्हरकडून पिंगला उत्तर येत होतं ना?"

सारंग निंभोरकरनं तिसऱ्यांदा विचारलं.

अत्तारसरांनी खुर्ची ओढून घेतली. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. या हॉस्पिटलातली पहिली केबल त्यांनी ओढली होती आणि सारंगला पहिली कमांडही त्यांनीच शिकवली होती. आता सर्व्हर-रूम सारंगच्या ताब्यात होती. सर्व्हरवरच्या याद्या उघडत नसल्याची ओरड सगळीकडून सुरू झाली, तेव्हा दुपारी त्यानंच रिक्षा पाठवून सरांना बोलावून घेतलं होतं.

"सकाळपासून काय झालं ते सांग."

सारंगनं सांगितलं. रक्तपेढीतल्या निर्मलाताई घोडक्यांचा तीनदा फोन आला. रक्ताच्या साठ्याची यादी उघडत नाही, म्हणाल्या. तिन्ही वेळा त्यानं सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून पाहिली. दर वेळी चार हाकांना चार उत्तरं आली. तीही लगेच.

"मग बाईंना काय म्हणालास?"

"सर्व्हर जिवंत आहे, तुमच्याकडंच काहीतरी चुकतंय."

"तिन्ही वेळा?"

"तिसऱ्यांदा..." सारंग अडखळला. "तिसऱ्यांदा म्हणालो, आधी कॉम्प्युटर शिकून घ्या."

"मग?"

"मग त्यांचा फोन आला नाही."

सरांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि एकच ओळ टाइप केली. यंत्राच्या आत काय चाललंय ते सांगणारी कमांड. पंखे, तापमान, डिस्क.

एक डिस्क बंद पडलेली होती. तारीख नऊ दिवसांपूर्वीची. तिच्या जोडीची, तीच माहिती सांभाळणारी दुसरी आज सकाळपासून धड वाचता येत नव्हती.

"ही कमांड मला येते, सर. नव्या लोकांना मीच शिकवतो."

"शेवटची कधी चालवलीस?"

सारंगनं स्क्रीनवरच्या तारखेकडं पाहिलं.

"वर येताना मी रक्तपेढीत डोकावलो," सर म्हणाले. "बाळंतिणींच्या वॉर्डात एकीला रक्तस्राव सुरू झाला होता. ओ निगेटिव्ह हवं होतं. यादी उघडेना. घोडकेबाईंनी फ्रीज उघडला आणि एकेक पिशवी हातात घेऊन लेबलं वाचत बसल्या. बावीस मिनिटं."

सारंग ताडकन उठला.

"ती बाई...?"

"वाचली. मुलगी झाली."

सारंग खुर्चीत बसला. निर्मलाताई त्याच्या आईच्या वयाच्या होत्या. तिसऱ्या फोनवर तो नुसता बोलला नव्हता, हसलाही होता. ते त्यानं सरांना सांगितलं नव्हतं.

"मला खरंच वाटलं, सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "उत्तर येत होतं."

सरांनी त्याच्याकडं पाहिलं.

"सारंग."

"जी, सर."

"सारंग."

"जी."

"सारंग."

"...जी."

"सारंग."

या वेळी 'जी' कसंबसं बाहेर पडलं. आवाज फुटला होता.

"चार हाका, चार उत्तरं," सर म्हणाले. "म्हणजे तुझं सगळं ठीक आहे."

सारंगनं मान खाली घातली. डोळे पुसायला हात वर नेला आणि तो तसाच तोंडावर ठेवून बसून राहिला...

"सर, मी हसलो होतो त्यांना."

सरांनी फक्त मान हलवली.

मग दोघं कामाला लागले. माहितीची आदल्या दिवशीची राखीव प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवली. आजच्या नोंदी वॉर्डावॉर्डांतून मागवून घेतल्या. सगळं होईतो साडेपाच वाजले. रक्तपेढीची यादी उघडली.

सारंग उठला. दारापर्यंत गेला, परत आला.

"ताईंना काय म्हणू, सर?"

अत्तारसर रुमालानं चष्मा पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"त्यांनी 'बस' म्हटल्याशिवाय बसू नकोस."