चाकाचा अडसर कोणाचा?

फार जुन्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक नगर होतं. चढणीला बैल दमले की गाड्या मागे घसरत आणि दरवर्षी एखादी तरी दरीत जाई. तिथल्या एका सुताराने सात वर्षं खपून चाकाला बसवायचा लाकडी अडसर तयार केला. चाक पुढे सुरळीत फिरे, पण मागे जाऊ लागलं की अडसराचा दाता त्यात अडके. राजाने खूश होऊन न्यायाधीशाच्या शिक्क्यानिशी त्याला ताम्रपट दिला: ‘चाक मागे जाऊ न देणारं साधन बारा वर्षं याच्याशिवाय कोणी करू नये.’

सुताराचा बघता बघता कारखाना झाला. मग नगरातल्या एका चांभाराने चाक आवळून धरणारा चामडी पट्टा काढला. त्यालाही ताम्रपट मिळाला: ‘घाटात गाडी थोपवण्याची युक्ती याची.’ त्याचाही कारखाना उभा राहिला, आणि दोघंही एकमेकांवर चोरीचा आरोप करत न्यायाधीशापुढे आले.

न्यायाधीश सरळ माणूस होता. सकाळी सुताराचं ऐकलं की त्याला सुताराचं पटे, दुपारी चांभाराचं ऐकलं की चांभाराचं. दोन्ही ताम्रपट त्याने शेजारी ठेवून वाचले. दोन्ही खरे होते, आणि दोन्हींखाली त्याचाच शिक्का होता. काहीच उमगेना, तेव्हा त्याने हुकूम काढला की निकाल लागेपर्यंत या ताम्रपटांत बसणारं कुठलंही साधन कोणी वापरू नये. दोघांना सारखाच नियम लावला, म्हणजे न्यायच झाला, असं त्याला वाटलं.

आठव्या दिवशी एक कुंभारीण दरबारात आली. घाटात तिची मडक्यांची गाडी मागे येऊ लागली, तेव्हा तिने चाकामागे लावायला दगड उचलला होता. पहाऱ्यावरच्या शिपायाने तिला हुकूम वाचून दाखवला. ती गोंधळली, दगड हातातच राहिला. बैलांच्या मानेचं जोत तुटलं म्हणून ते वाचले, पण गाडी दरीत गेली आणि तिच्या नवऱ्याचा पाय चाकाखाली चिरडला.

“मी भरपाई मागायला आले नाही,” ती म्हणाली. “उद्या उसनी गाडी घेऊन पुन्हा घाट चढायचाय. दगड लावू की नको, तेवढं सांगा.”

न्यायाधीशाने सुताराला विचारलं, “दगड तुमचा आहे का?”

सुतार खाली बघू लागला. त्याच्या वकिलाने मात्र सांगितलं की ताम्रपटाच्या शब्दांप्रमाणे तो सुताराचाच. चांभाराच्या वकिलाने लगेच त्यावर आपला हक्क सांगितला.

न्यायाधीशाने डोकं धरलं. दोन्ही ताम्रपट वितळवून टाकावेत, असं त्याच्या मनात आलं. मग सुताराचे घट्टे पडलेले हात त्याला दिसले. सात वर्षांची मेहनत उद्या कुणीही उचलून नेणार असेल, तर पुन्हा कोण कशासाठी खपेल? आणि ताम्रपट आहेत तसेच ठेवावेत, तर ही बाई गाडी थांबवणार कशी? दोन्ही बाजूंनी त्याला चूकच दिसत होती.

शेवटी तो म्हणाला, “चूक माझ्या शिक्क्याची आहे. तुम्ही अडसर केलात, पट्टा केलात. मी मात्र गाडी थांबवणंच तुमच्या नावावर करून दिलं.”

त्याने दोघांना आपापली वस्तू तिथेच, स्वतःच्या हातांनी करायला लावली. जी वस्तू झाली तेवढीच ताम्रपटावर राहिली, बाकीचे शब्द घासून काढले. चांभाराच्या पट्ट्याच्या टोकाला एक लाकडी दाता निघाला. तो हुबेहूब सुताराचा होता, म्हणून चांभाराला तो काढावा लागला. दगड कुणाचाच नाही, असं ठरलं. न्यायाधीशाने कुंभारणीला आपल्या घरची गाडी दिली.

सुतार म्हणाला, माझा हक्क कापला. चांभार म्हणाला, माझा पट्टा लंगडा केला. कुणाला थोडं कमी मिळालं का, कुणाला जास्त, हे न्यायाधीशाला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

कुंभारीण अजून दारात उभी होती. “म्हणजे लावू ना दगड?”

“लावा, बाई.”

तात्पर्य: ज्याने जे घडवलं ते त्याचं, पण त्याच्या हक्काचं कुंपण दुसऱ्याच्या वाटेवर येता कामा नये.