मुंगीमावशीने केलेली सारखी वाटणी

मुलांनो, एका जंगलात उंबराचं एक थोराड झाड होतं आणि त्याच्या बुंध्यापाशी एक मुंगी राहत असे. सगळे तिला मुंगीमावशी म्हणत. स्वभावाने ती चांगली. कोणाकडे कमीजास्त झालं की न बोलावता हजर. पण न बोलावता येणाऱ्यांचं एक असतं, ते नुसते बसत नाहीत. आल्या आल्या डब्यांची झाकणं उघडून बघतात.

घरी मुंगीमावशीकडे अंडी सांभाळायचं काम होतं. रोज सकाळी एकेक अंडं उचलायचं, चाटून स्वच्छ करायचं, उलटून ठेवायचं. मुंग्यांची आणखी एक रीत असते. वाटेत दोघी भेटल्या आणि एकीच्या तोंडात गोड रसाचा थेंब असला, तर दोघींनी निम्मा निम्मा घ्यायचा. कोणाला तसूभर जास्त नाही, कोणाला कमी नाही. हे सगळं ती इतके दिवस करत आली होती, की साऱ्या जगाचं असंच चालतं याबद्दल तिला शंकाच उरली नव्हती.

झाडाखाली पिकून पडलेल्या एका उंबरात एक कृमी राहायला होती. पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा पडावा, एवढीशी. आपण तिला कृमीताई म्हणू. तिचं वय झालं होतं, आणि तिने नुकतीच सात अंडी घातली होती. अंडी कसली, काचेचे थेंबच. बाहेरून पाहिलं तरी आतलं सगळं दिसायचं. मुंगीमावशी पहिल्या दिवशीच डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी कृमीताई म्हणाली, "मावशी, हे फळ सुकत चाललंय. पोरं बाहेर आली की त्यांना ओल लागेल. पलीकडे एखादं ओलं उंबर मिळतं का बघून येते. तोवर लक्ष ठेवाल? ही माझी शेवटचीच सात आहेत."

"अगं, हे काय विचारणं झालं? माझा जन्म गेलाय अंडी सांभाळण्यात."

"ऊन आलं तर वर पान ओढा. बाकी काही करू नका. हात तर मुळीच लावू नका."

"तू जा गं निर्धास्त."

कृमीताई सरपटत गेली. मुंगीमावशीने लगेच एक पान ओढून अंड्यांवर सावली केली आणि राखण करायला बसली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

थोड्या वेळाने पहिल्या अंड्यात हालचाल झाली. आधी सगळीकडे सारखा असणारा तो थेंब एका टोकाला शांत झाला, दुसरीकडे सुरकुत्या पडल्या, आणि आतलं सारं हळूहळू एका दिशेला वाहू लागलं. मग मधे रेघ उमटली आणि एकाचे दोन झाले. पण मधे म्हणजे बरोबर मधे नव्हे. एक वाटा मोठा, एक लहान.

मुंगीमावशीच्या काळजात चर्र झालं. पहिल्याच वाटणीत असं डावंउजवं? दुसरं अंडं पाहिलं, तेही तसंच. तिसरंही तसंच. तिला त्या धाकट्या वाट्याचा फार कळवळा आला. कोपऱ्यात ढकलल्यासारखा दिसत होता बिचारा. आणि कळवळा आला की तिला गप्प बसवत नसे. ती धावत सुटली आणि तिघा-चौघांना सांगून शेवटी गोगलगायीकडे आली. गोगलगाय शेजारच्याच दगडावर होती.

"ऐकलंस का? कृमीताईची अंडी बिघडलेली आहेत."

"बिघडलेली म्हणजे?"

"आतली वाटणी वाकडी होतेय. एकाला जास्त, एकाला कमी. कोणाला सांगू नकोस हं, मी आतापर्यंत फक्त तिघा-चौघांनाच सांगितलंय."

गोगलगायीने एक शिंग आत घेतलं, परत बाहेर काढलं. "तिचं तसंच असेल. ती आली की विचार."

"विचारून तिला लाजवू होय? त्यापेक्षा ती यायच्या आत मीच सरळ करून टाकते."

"माझं कवचही उजवीकडे वळलेलं आहे," गोगलगाय म्हणाली. "तेही सरळ करून देतेस का?"

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून मुंगीमावशी परत फिरली.

उरलेल्या चार अंड्यांमध्ये अजून रेघ पडली नव्हती. तिने चौथं अंडं उचललं. चाटलं. उलटंपालटं केलं. आतलं सारं एका दिशेला वाहू लागलं की ती अंडं फिरवायची, पुन्हा वाहू लागलं की पुन्हा फिरवायची. शेवटी जबड्याने अगदी मधोमध धरून ठेवलं. रेघ पडली ती बरोबर मधे. दोन सारखे वाटे, जणू दोरी लावून केलेले. मुंगीमावशीला इतका आनंद झाला की पाचवं, सहावं आणि सातवं तिने त्याच उत्साहात करून टाकलं. पहिली तीन वाकडी अंडी तिने पानाच्या कडेला सरकवली, कृमीताईच्या नजरेला लगेच पडू नयेत म्हणून.

उन्हं कलताना कृमीताई आली. तिला ओलं उंबर सापडलं होतं, म्हणून खुशीत होती.

"बघ," मुंगीमावशी म्हणाली, "तीन जरा बिघडली, त्याला माझा इलाज नव्हता. पण ही चार बघ. एकाला कमी नाही, एकाला जास्त नाही."

कृमीताई त्या चार अंड्यांपाशी गेली. पहिल्याला वळसा घातला, मग दुसऱ्याला.

"मावशी, तुम्ही यांना फिरवलंत?"

"आमच्याकडे रोज फिरवतात."

"तुमच्याकडे फिरवत असतील." कृमीताईचा आवाज चढला नव्हता. "आमच्याकडे अंडं अगदी गोल मनाचं असतं, मावशी. त्याला पुढचं-मागचं काही ठाऊक नसतं. बापाकडचा कण ज्या टोकाने आत येतो, ते टोक शेपटीचं ठरतं. मग आतलं सगळं एका दिशेला सरकतं. मोठा वाटा डोक्याकडचा, लहान वाटा शेपटीकडचा. पाठ कुठली, पोट कुठलं, हे सगळं त्यानंतर ठरतं."

"पण त्या लहानग्याला कमी..."

"कमी नाही. लहान. माझ्या नातवंडांचं बीज त्याच लहान वाट्यात असतं."

"सारखे झाले म्हणून काय झालं?" मुंगीमावशी हळूच म्हणाली. "दोघांपैकी कोणीतरी होईलच की डोकं."

"होवो," कृमीताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पानाच्या कडेची तीन वाकडी अंडी वळवळू लागली. आत बारीक दोरे गुंडाळलेले दिसत होते. दुपारच्या आत तिन्ही फुटली आणि तीन पिल्लं बाहेर आली. डोकं कुठे न्यायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मधल्या चार अंड्यांत वाट्यांचे आणखी वाटे होऊन दाणे वाढले होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पण कोणता दाणा पुढचा आणि कोणता मागचा, हे त्यांपैकी कोणालाच ठरवता आलं नव्हतं. नुसता गोळा झाला होता. संध्याकाळपर्यंत ती अंडी पिवळी पडली.

मुंगीमावशी दोन्ही दिवस तिथेच होती. निघून जायला पाय उचलत नव्हते आणि वर पाहायला मान उचलत नव्हती. कृमीताई चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर तिला बरं वाटलं असतं. पण कृमीताईने तिन्ही पिल्लांना ओल्या उंबराच्या वाटेला लावलं आणि जाताना एवढंच म्हणाली, "पान तुम्ही वेळेवर ओढलंत, मावशी. ऊन लागलं नाही."

या एका वाक्याने मुंगीमावशी पुरती ओशाळली. सांगितलेलं एकच काम होतं. तेवढंच तिने नीट केलं होतं.

मग ती गोगलगायीकडे गेली. मान खाली घालून म्हणाली, "कृमीताईची अंडी बिघडलेली नव्हती. चार मी बिघडवली."

"मी म्हटलं होतं विचार म्हणून."

"म्हटलं होतंस."

आणि ज्या तिघा-चौघांना तिने आधी बातमी दिली होती, त्या प्रत्येकाच्या दाराशी ती गेली आणि हेच वाक्य बोलली. बातमी देताना ती धावत गेली होती. या वेळी वाट फार लांब वाटली. एका दारापाशी तर ती दोनदा जाऊन परत फिरली आणि तिसऱ्यांदा बोलली.

पुढे कितीतरी दिवसांनी त्या तीन पिल्लांपैकी एक मोठी झाली आणि तिने अंडी घातली. तिलाही ओल शोधायला जायचं होतं. ती मुंगीमावशीच्या दाराशी येऊन म्हणाली, "आई सांगायची, पान ओढावं तर मावशींनीच. जरा लक्ष ठेवाल?"

मुंगीमावशी आली, पान ओढलं आणि पानाचा देठ जबड्यात घट्ट धरून बसली. अंड्यांत सुरकुत्या पडल्या, सारं एका दिशेला वाहिलं, एक वाटा मोठा आणि एक लहान झाला. मुंगीमावशी पाहत राहिली.

गोगलगाय जाता जाता थांबली. "आता सोड तो देठ. वारा पडलाय. पान कुठे उडून जात नाही."

मुंगीमावशीने मान हलवून नाही म्हटलं. देठ तोंडात असला की बोलता येत नाही आणि काही उचलताही येत नाही. अंड्यांची आई परत येईपर्यंत, म्हणजे पार उन्हं कलेपर्यंत, तिने तो सोडला नाही.

तात्पर्य : दुसऱ्याच्या घरात आपल्याला जे वाकडं दिसतं, ती तिथली घडण असू शकते, म्हणून माया असली तरी आधी विचारावं, मगच हात लावावा.